गाठ फोडून बघा

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने बांधलेले. कारखान्यात हा नत्र वापरायला चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. परभणीच्या काळ्या रानात, सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत, जिवाणूंचं नायट्रोजिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, तेच काम मातीच्या तापमानाला करतं. फुकट नाही हं! एका रेणूमागे निदान १६ एटीपी खर्च होतात, आणि ही ऊर्जा झाडाच्या साखरेतून येते.

गंमत अशी, की ऑक्सिजन लागला की हे विकर निकामी होतं. जिवाणूला मात्र श्वासाला ऑक्सिजन हवाच. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं, आपल्या हिमोग्लोबिनचं भावंड. ते ऑक्सिजन धरून बेताने सोडतं. गाठ नखाने फोडा: आतून गुलाबी निघाली तर काम चालू आहे, हिरवी किंवा पांढरी असेल तर नाही.

आपण काय करतो? पान पिवळं दिसलं की युरियाची गोणी उघडतो. पेरणीसोबतची थोडी मात्रा ठीक; पण आयता नत्र भरपूर मिळाला, तर झाड गाठींवर साखर कशाला खर्चेल? कृषी विद्यापीठाचं एमएयूएस ७१ पेरा नाहीतर दुसरं कुठलं, बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियम लावायचं. बियाणं सावलीतच सुकवा; उन्हात जिवाणू मरतात.