न दिलेल्या निकालाचा बोभाटा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी 'ट्रम्प विरुद्ध कासा' या प्रकरणाचा निकाल दिला, आणि तात्पुरत्या परवान्यावर तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलासुनांच्या पोटी जन्मणाऱ्या नातवंडाचे नागरिकत्व आता न्यायालयानेच काढून घेतले, अशी समजूत इकडच्या अनेक आजीआजोबांनी करून घेतली. वस्तुतः त्या दिवशी न्यायालयाने नागरिकत्वाच्या प्रश्नाला हातही लावला नाही. आई बेकायदा किंवा केवळ तात्पुरती वास्तव्यास असेल आणि वडील नागरिक अथवा कायमचे रहिवासी नसतील, तर त्यांच्या मुलास नागरिक मानू नये, असे अध्यक्षांनी २० जानेवारीच्या हुकुमाने फर्मावले होते (तेही तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्यांपुरते, आधी जन्मलेल्यांना त्याची झळ नव्हती), जिल्हा न्यायाधीशांनी देशभर लागू होणारे मनाई हुकूम देऊन त्याची अंमलबजावणी रोखली, आणि सरकारने वर दाद मागितली ती मूळ हुकूम घटनेला धरून आहे की नाही याविषयी नव्हे, तर खटल्यात पक्षकारही नसलेल्यांना संरक्षण देण्याचा अखत्यार खालच्या न्यायाधीशास आहे काय, एवढ्याचपुरती. ही चाल चतुर होती, हे सरकारच्या विरोधकांनीही मान्य करावे. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायमूर्ती बॅरेट यांनी असा अखत्यार बहुधा नाही, असे ठरविले. परंतु समूहाच्या वतीने फिर्याद करण्याचा मार्ग मोकळाच होता, आणि पंधरवड्याच्या आत, १० जुलै रोजी, न्यू हॅम्पशायरच्या जिल्हा न्यायाधीशाने त्याच मार्गाने अशा बालकांच्या साऱ्या वर्गास मनाई हुकूम दिला.

दुसरा गैरसमज असा, की जन्मसिद्ध नागरिकत्व ही अलीकडची सैल सवलत आहे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले होते, ते पुसून टाकण्यासाठी यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती झाली; आणि तिचा अर्थ कसाला लागला तो सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क या तरुणाच्या प्रकरणात. चीनला जाऊन १८९५ च्या ऑगस्टमध्ये तो परतला, तेव्हा तेथील जकात अधिकाऱ्याने, तू नागरिक नव्हेस, असे सांगून त्यास धक्क्यावर उतरू दिले नाही, आणि ज्या शहरात तो जन्मला त्याच्याच बंदराबाहेर महिनोन्महिने एका आगबोटीवरून दुसरीवर असे त्याला अडकून राहावे लागले. १८९८ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी तो नागरिक ठरला. त्या निकालाने मानलेले अपवाद मोजके आहेत: परकीय वकिलातींतील अधिकाऱ्यांची मुले, आक्रमक शत्रुसैन्याच्या अमलाखालील प्रदेशात त्याच्या लोकांस झालेली मुले, आणि मूळ अमेरिकी जमातींचे लोक, ज्यांना १९२४ च्या कायद्याने नागरिकत्व मिळाले. वाँगचे आईबाप तेथे कायमचे स्थायिक होते, या एका गोष्टीवर हुकुमाचे समर्थक आज सारा भर देतात. युक्तिवाद अगदीच निराधार नसला, तरी निकालात जन्मभूमीच्या तत्त्वाचा जो ऐसपैस इतिहास मांडलेला आहे, त्यापुढे तो मला तोकडाच वाटतो.

आणि मूल नागरिक म्हणून आईबापांचे बस्तान बसले, हा तर निव्वळ भ्रम; ते एकवीस वर्षांचे झाल्याखेरीज आईबापांसाठी अर्जदेखील करू शकत नाही.