ई-रीडर घ्यावा का? आधी डोळे तपासा

हातात मोबाइल असताना केवळ पुस्तके वाचायला वेगळे यंत्र कशाला, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर पडद्याच्या रचनेत आहे. मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो आणि तो प्रकाश थेट डोळ्यांत येतो. ई-रीडरच्या ‘ई-इंक’ पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात व त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने हे कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटते. कागदावरच्या अक्षराप्रमाणे ते बाहेरच्या उजेडात दिसते, भर उन्हातही. रात्रीच्या वाचनासाठी कडेला छोटे दिवे असतात; ते मंद ठेवावेत.

ई-रीडरमुळे झोप उडते, असे अनेकदा सांगितले जाते. बोस्टनमधील संशोधकांनी 12 जणांवर केलेला अभ्यास 2014च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचल्यास, छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला सुमारे 10 मिनिटे उशीर झाला. झोपेशी निगडित मेलाटोनिन हे संप्रेरकही घटले. पण त्यात वापरलेले उपकरण आयपॅड होते, ई-इंकचे नव्हे.

म्हणून ई-रीडरने डोळे थकतच नाहीत, असे मात्र नाही. एकटक वाचताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. हे छापील पुस्तक वाचतानाही घडते. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद सुमारे 20 फुटांवर पाहावे.

खरा लाभ चाळिशी ओलांडलेल्यांना आहे. बारीक टाइपामुळे वाचन सुटलेल्यांना हवे तेवढे मोठे अक्षर मिळते. धोकाही इथेच आहे. अक्षर वाढवत गेल्याने वाचन चालू राहते आणि मोतीबिंदू किंवा मधुमेहामुळे दृष्टिपटलाला झालेली इजा लक्षात येत नाही. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो. पण दृष्टिपटलाच्या इजेमुळे गेलेली दृष्टी अनेकदा पूर्ण परत येत नाही. अक्षर वारंवार मोठे करावे लागत असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. मधुमेहींनी तक्रार नसली तरी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे.

रोज तासभर वाचणाऱ्यांसाठी हा खर्च सार्थ आहे. मात्र जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफच वाचायच्या असतील, तर छोट्या पडद्यावर अक्षर बारीकच दिसते. महिन्यातून दोन-चार पाने वाचणाऱ्यांना ग्रंथालयाची वर्गणी पुरे.