यंत्रापाशी घडणारी विद्या

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात उदरनिर्वाहासाठी खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वसाहत असून, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला तेथील मुलगा जेव्हा १९६१ साली सुरतेतच स्थापन झालेल्या, आज सरदार वल्लभभाई राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयाची आकांक्षा धरतो, तेव्हा धागा का तुटला याचा शोध घेण्याची सवय हीच त्याची खरी पुंजी असते. फळ्यावरची सूत्रे उतरवणे आणि प्रयोगवहीत आयती उत्तरे भरणे, एवढ्यावरच अध्यापन थांबले, तर ती पुंजी व्यर्थ जाते. उलट बिघाड समोर ठेवून, अंदाज बांधायला आणि मोजमापाने तो पडताळायला लावले, की सिद्धांत हुन्नरात उतरतो. अध्यापकांनी परीक्षेच्या दालनात एक बिघडलेले यंत्र अवश्य ठेवावे.