काळी मेंदी लावण्याआधी २४ तास

रविवारी सकाळी नालासोपारा किंवा विरारच्या कुठल्याही सलूनमध्ये डोकावलं, की एखादं तरी गिऱ्हाईक डोक्याला काळा लेप लावून बसलेलं दिसतं. लग्नसराईत पार्लरमध्येही तेच. ‘काळी मेंदी आहे, हर्बल आहे,’ एवढं ऐकलं की आपलं समाधान होतं. पण मेंदीच्या पानात काळा रंग नसतोच. तिनं केस तांबूस-नारिंगी होतात. अर्ध्या तासात ते काळेभोर झाले, तर पुडीत बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलिनडायअमिन, हे रसायन असतं.

डायमधल्या पेरॉक्साइडशी संयोग झाला की पीपीडीचे रेणू केसाच्या आत एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि तिथेच अडकतात. म्हणून रंग धुऊन जात नाही. अमोनियाचं काम केसाचं आवरण फुगवून वाट करून देण्याचं. ‘अमोनिया फ्री’ डब्यातही पीपीडी असू शकतं. हे दोन शब्द वाचून निर्धास्त होणं धोक्याचं आहे.

पीपीडीची ॲलर्जी फसवी असते. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एखाद्या खेपेला दुसऱ्या दिवशी टाळू खाजते, कानामागे पाणी झरतं, पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत. एकदा जडली की ती बहुधा जन्माची सोबत करते. युरोपीय संघात केसांवर लावायच्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांहून जास्त चालत नाही. आपल्याकडे पाकिटावर आत-बाहेर, इंग्रजीसह स्थानिक भाषेत इशारा छापणं कायद्यानं सक्तीचं आहे: आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. छोट्या पुडीवर तो इतक्या बारीक अक्षरांत असतो, की चाळिशी लागलेल्याला, म्हणजे ज्याला डाय लागतो त्यालाच, चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

कर्करोगाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१० मध्ये केशकर्तनाचा व्यवसाय ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवला. घरी डाय लावणाऱ्यांबाबत मात्र पुरावा अपुरा ठरवला. म्हणजे जास्त काळजी करायला हवी ती दिवसभर उघड्या हातांनी डाय कालवणाऱ्या कारागिराची.

चाचणी सोपी आहे. कानामागची किंवा कोपराच्या आतली जागा धुऊन तयार डायचा ठिपका लावा, वाळू द्या, २४ तासांनी धुवा. लाली किंवा खाज आली, तर तो डाय नको. ही चाचणी दर खेपेला करायची. पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. डाय पोटात गेला तर घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि त्यावर उतारा नाही. तसं घडलं तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

वसई-विरारच्या सलून आणि पार्लरवाल्यांना कळकळीची विनंती: हातमोजे घाला, आणि उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक नसलेली पुडी दुकानात ठेवू नका. ग्राहकांनो, अशी पुडी दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.