श्राव्यातीत ध्वनी आणि अवघड श्वासमार्गाचे पूर्वानुमान : एक विवेचन

प्रस्तावना :
संपूर्ण भूल देताना स्नायू शिथिल करणारे औषध दिले की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. त्यानंतर भूलतज्ज्ञाला लॅरिंगोस्कोपने जीभ बाजूला सारून स्वरतंतूंमधून श्वासनलिकेत नळी बसवावी लागते. बहुतेक वेळा हे काम सहज होते. ज्या रुग्णात स्वरतंतू दिसतच नाहीत, तेथे मात्र प्राणवायूअभावी मेंदूला इजा होण्यास काही मिनिटे पुरतात. असा रुग्ण आधीच ओळखता यावा, हा भूलशास्त्रातील जुना प्रश्न आहे. प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक असल्याने सोनोग्राफी या प्रश्नाचे उत्तर कितपत देते, याचा विचार येथे मोजमापाच्या अंगाने केला आहे.

प्रचलित चाचण्या :
तोंड उघडून जीभ बाहेर काढावयास सांगणे व पडजीभ कितपत दिसते ते पाहणे, ही मल्लमपाटी यांची १९८५ मधील चाचणी सर्वपरिचित आहे. मान किती मागे वळते, हनुवटी व कंठमणी यांत अंतर किती, हेही पाहिले जाते. तथापि डेन्मार्कमधील १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदींवर आधारित, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या ३,३९१ रुग्णांत नळी घालणे अवघड ठरले, त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांत ही अडचण अनपेक्षित होती. उलट, ज्यांच्याबाबत अडचण वर्तविली होती त्यांपैकी सुमारे २५ टक्के रुग्णांतच ती खरी ठरली.

ध्वनी काय पाहतो? :
सोनोग्राफी तोंडातून न पाहता मानेच्या पुढील बाजूने आत पाहते. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरला जातो. २८ मिलिमीटर खोलीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीला सुमारे ३६ मायक्रोसेकंद लागतात, आणि या कालावधीवरूनच यंत्र खोली ठरविते. १० मेगाहर्ट्झ वारंवारतेला तरंगलांबी जेमतेम ०.१५ मिलिमीटर असल्याने उथळ रचना स्पष्ट दिसतात. परंतु हवेच्या सीमेवर जवळजवळ सर्व ध्वनी परावर्तित होतो. त्यामुळे श्वासनलिकेची पुढील भिंत तेजस्वी रेषेसारखी उमटते, मागील भिंत दिसत नाही. गंमत अशी की ज्या पोकळीतून नळी जावयाची तीच अदृश्य राहते. मोजले जाते ते तिच्या पुढचे आवरण. त्वचेपासून एपिग्लॉटिसपर्यंत, म्हणजे स्वरयंत्रावरील झाकणापर्यंत, जाडी जितकी अधिक, तितके लॅरिंगोस्कोपने मार्ग दिसणे कठीण, असा यामागील तर्क आहे.

या तर्काची कसोटी मात्र एकसारखी लागलेली नाही. एझ्री व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ५० अतिस्थूल रुग्णांत स्वरतंतूंच्या पातळीवर ही जाडी मोजली. अवघड रुग्णांत ती सरासरी २८ मिलिमीटर, तर इतरांत १७.५ मिलिमीटर भरली. २००७ मध्ये कोमात्सु व सहकाऱ्यांना स्थूल रुग्णांतच हे मोजमाप उपयोगी आढळले नाही. २०११ मध्ये अधिकारी व सहकाऱ्यांनी ५१ रुग्णांच्या प्राथमिक अभ्यासातून थायरोहायॉइड पडद्यापाशी २.८ सेंटिमीटर ही सीमा सुचविली. पुढील अभ्यासकांच्या सीमा निरनिराळ्या आहेत. याचे आश्चर्य वाटावयास नको. प्रोब किंचित अधिक दाबला तरी मऊ ऊतींची जाडी घटते, मान ताणल्यानेही ती बदलते. शरीरयष्टीचा भेद तर आहेच. शिवाय घटनाच विरळ असल्याने बऱ्यापैकी अचूक चाचणीदेखील खोटे इशारे पुष्कळ देणार. म्हणून एका अंकावर निर्णय सोपविणे प्रस्तुत लेखकास धोक्याचे वाटते. जुन्या चाचण्यांच्या जोडीला मात्र तो अवश्य घ्यावा.

आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे, हे शस्त्रक्रियागृहासाठी यंत्र घेतानाही ध्यानात ठेवावे लागते.

सोनोग्राफीचा अधिक भरवशाचा उपयोग पूर्वानुमानाहून वेगळा आहे. नळीही जात नाही आणि मुखवट्याने प्राणवायूही पोहोचत नाही, अशा वेळी कंठमण्याखालील क्रिकोथायरॉइड पडदा छेदून श्वासमार्ग उघडावा लागतो. स्थूल मानेत हा पडदा बोटांनी चाचपून नेमका सापडत नाही. सोनोग्राफीने तो भूल देण्यापूर्वीच शोधून त्वचेवर पेनने खूण करून ठेवता येते.