भाकड गाईची गव्हाण

भातकापणी उरकली की जिते गावच्या बांधांवरचं गवत सुकत जातं आणि गुरांच्या वाट्याला पेंढा उरतो. उन्हात वाळलेल्या पेंढ्यात कॅरोटीन जवळपास नसतंच, आणि गाय ‘अ’ जीवनसत्त्व कॅरोटीनपासूनच बनवते. ‘ई’ही नावापुरतं.

मी गेलो त्या गोठ्यातली संकरित गाय आटवलेली होती, व्यायला तीनेक आठवडे होते. दूध नाही तर पेंड कशाला, हा हिशेब गावोगाव चालतो आणि मला तो अन्यायाचा वाटतो. याच दिवसांत वासरू झपाट्याने वाढतं, चीक तयार होतो आणि गाईच्या रक्तातलं ‘ई’ उतरू लागतं. पेंढ्यावरच्या भाकड गाईला वजनाच्या किलोमागे ११० एकक ‘अ’ आणि १.६ एकक ‘ई’ द्यावं, असं अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००१ साली सांगितलं. म्हणजे ४०० किलोच्या गाईला रोज ४४ हजार आणि ६४० एकक.

गुरांच्या डॉक्टरांनी ‘ई’ आणि सेलेनियमचं इंजेक्शन भरलं.

“व्याल्यावर दिलं तर नाय चालणार?” गोठ्याच्या मालकीण काकींनी विचारलं.

“वार अडकल्यावर देऊन काय उपयोग, काकी? आत्ताच द्यायला हवं.”

मानेच्या स्नायूत सुई गेली, गाईने कातडी थरथरवली, एवढंच. मात्रा डॉक्टरांनी वजनाचा अंदाज घेऊनच ठरवली. सेलेनियम जरा जास्त झालं तरी विषारी ठरतं, त्यामुळे दुकानातून बाटली आणून घरच्या घरी टोचणं धोक्याचं. रोजचं जीवनसत्त्व मात्र काकी स्वतःच देणार होत्या, कोंडा-पेंडीत खनिज मिश्रणासोबत कालवून.

व्याल्यानंतर पुन्हा गेलो. वार वेळेवर पडली होती. चीक फिकट पिवळा होता म्हणून काकी धास्तावल्या होत्या. पण पिवळेपणा कॅरोटीनचा. औषधातल्या ‘अ’ला तसा रंग नसतो. म्हशीचा चीक तर पांढराच असतो, कारण ती जवळपास सगळं कॅरोटीन ‘अ’मध्ये बदलून टाकते.

वासराला पोटात असताना ही जीवनसत्त्वं फार थोडी मिळतात, त्याची खरी शिदोरी चिकात असते. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची जुनी रीत म्हणूनच मोडायला हवी. काकींनी ती मोडली होती, वासरू उभं राहताच त्याला कासेला लावलं होतं. खरवसासाठी भांडं घेऊन आलेल्या शेजारणीला त्यांनी सांगितलं, “उद्या ये. आधी ह्याचं पोट भरू दे.”