हत्ती, माणूस आणि मधले गज

प्राणिसंग्रहालयाच्या सहलीत एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, हत्ती काही मांस खात नाही. मग त्याच्या जवळ जायला काय हरकत आहे?"

उत्तरासाठी एक साधे गणित करू. आशियाई हत्तीण सुमारे ३००० किलोग्रॅम वजनाची असते, तिची निगा राखणारा माणूस ६० किलोग्रॅमचा. म्हणजे ५० पट फरक झाला. आपल्यापुढे १.२ किलोग्रॅमचे मांजराचे पिल्लू जसे, तसे तिच्यापुढे आपण. अपघातासाठी हत्तिणीला राग यायलाच हवा असे नाही. माणूस भिंतीपाशी असताना ती सहज त्या बाजूला रेलली, तरी पुरे. नर हत्ती मदावर आला की धोका आणखी वाढतो. डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून स्राव वाहू लागतो, रक्तातील टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढते आणि ओळखीच्या माणसाशीही तो वेगळा वागतो.

जुन्या पद्धतीत प्राणिरक्षक हत्तीच्या आवारात जाऊन हुकूम देतो. हाती अंकुश असतो. ही पद्धत एका गृहीतावर उभी आहे : हत्ती माणसाला आपल्यापेक्षा वरचढ मानतो. पण हत्तींमध्ये कोण वरचढ हे कायमचे ठरलेले नसते. धक्का देऊन ते एकमेकांना अजमावतात. दुसरा हत्ती असा धक्का सहन करतो, माणूस करू शकत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षांची ओळख हे सुरक्षिततेचे साधन ठरत नाही.

१९९१ साली अमेरिकेतील सॅन दिएगोच्या वन्यप्राणी उद्यानात एक कर्मचारी हत्तीमुळे दगावला. त्याच सुमारास तेथे 'संरक्षित संपर्क' ही पद्धत आकाराला आली. यात माणूस आणि हत्ती यांच्यामध्ये कायम भक्कम गज असतात. मग हत्तीचे पाय कसे साफ करायचे? बंदिवासातील हत्तींना पायांचे आजार फार होतात, त्यामुळे हे काम टाळता येत नाही.

येथे मानसशास्त्र मदतीला येते. टोकाला चेंडू लावलेली काठी हत्तीपुढे धरतात. त्याने चेंडूला स्पर्श केला की शिट्टी वाजते आणि फळाची फोड मिळते. मग काठी पायाजवळ नेतात. पाय उचलला, शिट्टी. गजांमधल्या खिडकीत ठेवला, शिट्टी. थोडा वेळ तसाच ठेवला, पुन्हा शिट्टी. अशा पायऱ्यांनी हत्ती नखे कानसू देतो, दुसऱ्या खिडकीतून कान पुढे करून रक्ताचा नमुनाही देतो. मनात नसेल तर तो निघून जातो. शिक्षा नाही, फक्त फळ मिळत नाही. निघून जाण्याची मोकळीक असल्यामुळे त्याला प्रतिकार करण्याचे कारण उरत नाही. सुरक्षिततेचा अर्धा भाग गजांत आहे, तर अर्धा या मोकळिकीत.

अर्थात गज असले तरी गाफील राहून चालत नाही. सुमारे दोन मीटर लांबीची सोंड गजांतून सहज बाहेर येते. म्हणून उभे कुठे राहायचे, दारे कोणत्या क्रमाने उघडायची, सोबत दुसरा माणूस आहे ना, हे आधीच ठरलेले असावे लागते.

अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांसाठी असे धोरण जाहीर केले आणि २०१४ पासून, काही अपवाद वगळता, ते लागू झाले. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतील हत्ती छावण्यांमध्ये हलवण्याचे निर्देश दिले. पण हत्ती छावणीत असो वा देवळात, त्याचे पाय कुणीतरी तपासायचेच असतात.

पुढच्या वेळी हत्ती पाहायला गेलात, तर मुलांना हत्तीबरोबर त्याची निगा राखणाऱ्या माणसाकडेही पाहायला सांगा. तो कुठे उभा आहे? त्याच्या हातात काय आहे? आणि काही बिनसलेच, तर मागे सरकायला त्याला जागा आहे का?